बारावी चौकट

१२ डिसेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र आणि स्वेटर दोन्ही मिळालं. बाह्या जरा लांब आहेत, दुमडून घालतो. छोटीला सांगा, तिने काढलेलं मांजर दुकानाच्या काचेला चिकटवलं आहे. गिऱ्हाइकं विचारतात, "मांजराचेपण फोटो काढता का?"

दुकान ठीक चाललं आहे. ओळखपत्राचे फोटो, शाळेचे फोटो. काल एक शिक्षिका हसायलाच लागल्या. "अहो, आम्हाला मागे सरका म्हणायचं सोडून तुम्हीच काय स्टँड उचलून मागेमागे जाताय?" मी म्हटलं, सवय आहे.

प्रदर्शनाचं विचारलंत. वाचनालयाची वरची खोली मिळाली आहे, येत्या रविवारी सकाळी उघडायचं. बारा फोटो, सगळे त्याच तळ्याचे. दोन वर्षं दर रविवारी मी तिथे जातो, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे सांगितलं नाही.

ग्रंथपालबाईंची एकच अट. प्रत्येक फोटोखाली चार ओळींची गोष्ट हवी. "नुसतं पाणी लोकांनी किती बघायचं?" माझं लिहिणं तुम्हाला माहीत आहे, शाळेत असल्यापासून माझे अर्ज दादाच लिहायचा. तरी अकरा लिहिल्या. पाणी आटल्यावर वर आलेल्या बुंध्याची एक. बगळ्याची एक, तो मला कंटाळून उडून गेला आणि फोटोत पाण्यावरची वलयं तेवढी उरली. बाईंनी सगळं वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "यात माणूस कुठेच नाही हो."

बाराव्यात आहे. त्याच्याखाली काही लिहिलेलं नाही. ते आधी तुम्हाला लिहायला हवं.

तुम्ही पत्रात म्हणता, "अजून राग जात नाही ह्यांच्यावरचा. घरी येऊन तोंड धुतलं असतं तर काय बिघडलं असतं? रोज फोटोपुढे उभी राहून भांडते." ते वाचलं आणि पत्र घडी करून गल्ल्यात ठेवलं. चार दिवस गल्ला उघडताना नजर दुसरीकडे ठेवत होतो.

वहिनी, दादा तोंड धुवायला उतरला नव्हता.

त्या सकाळी धुकं होतं. नुसत्या तळ्याचा फोटो सपाट येत होता. माणूस उभा असला की तळं केवढं आहे ते कळतं, म्हणून मीच त्याला काठावरच्या दगडावर उभं केलं. हातात चहाचा थर्मास, डोक्यावर तुम्ही विणलेली टोपी. माझा एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्याला. चौकटीत मला फक्त दादा दिसत होता, पायाखालचं शेवाळं दिसत नव्हतं. मी म्हटलं, "दादा, दोन पावलं मागे." तो गेला. मी म्हटलं, "अजून एक." तो हसला, "अरे, तळ्यात बसवतोस की काय मला?" मी बटण दाबलं. त्याने ते पाऊल टाकलं.

डोकं दगडावर आपटलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "खाली कशाला गेले होते?" माझ्या तोंडून निघून गेलं, "तोंड धुवायला." तुम्ही शेजारीच होतात. नंतर तुम्ही आल्यागेल्याला तेच सांगत राहिलात आणि मी मान हलवत राहिलो. तेव्हापासून मी कोणाला मागे सरका म्हणत नाही.

फोटो सोबत पाठवला आहे. थांबून मग बघा, घाई नाही. तो हसतो आहे, टोपी एका बाजूला घसरली आहे. त्याला काहीच कळलेलं नाही अजून.

भिंतीवर बारावी चौकट रिकामीच टांगतो आहे. तुम्ही हो म्हणालात तर फोटो लावीन, आणि खाली आत्ता लिहिलं तेच लिहीन. नाही म्हणालात तर चौकट तशीच राहू दे. रविवारी आला नाहीत तरी मला समजेल.

एकच मागणं आहे. आजपासून त्याच्याशी भांडू नका. तो ऐकणारा होता, मी म्हटलं म्हणून मागे गेला. जे काय बोलायचं ते मला बोला. मी दुकानातच असतो.

तुमचा, आणि त्याचा,
धाकटा