आरमाराचा धाक

प्रिय निकिता,

राजीनामा लिहून ठेवलायस, सोमवारी देणार आहेस, असं काल जेवताना प्रज्ञेश सहज बोलून गेला. माझा घास हातातच राहिला. तुझ्या भावाला वाटलं, आईला आनंद झाला. म्हणून सकाळी उठल्या उठल्या हे लिहायला बसले आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि खरं सांगायचं तर मलाही फोनवर नीट बोलता येत नाही.

गेले दोन महिने मी तुझ्या तैवानचाच अभ्यास करते आहे. पेपरात त्या बेटाचं नाव दिसलं की कात्री घेऊन बसते. चीनच्या युद्धनौकांनी बेटाभोवती पुन्हा सराव केला, अमेरिकेचीही जहाजं त्या बाजूला निघाली, असं वाचलं की कळेनासं होतं. जहाजं आली म्हणजे भांडण टळलं की जवळ आलं? तुला विचारलं तर तू तुझ्या घरमालकीणबाईंचं सांगतेस. त्या म्हणे जन्मल्यापासून हेच ऐकताहेत आणि त्यांना काळजी फक्त भाजी महागल्याची.

परवा नारायण पेठेत नौदलातल्या एका निवृत्त अधिकाऱ्याचं व्याख्यान होतं. विषय हाच, आरमारामुळे बेटावरचं युद्ध टळतं का. शेजारच्या हिराताईंना घेऊन गेले. दारातच पाटी, ‘प्रश्न विचारावा, भाषण करू नये.’ माणूस छान बोलला. समुद्र ओलांडून बेट घेणं फार अवघड, त्यात समोर तगडं आरमार उभं असलं की कुणी पाऊल टाकत नाही, म्हणाला. मला हायसं वाटलं. पाच मिनिटांनी तोच म्हणतो, धाक वाढतच गेला की समोरच्याला वाटतं, उद्या जमणार नाही, मग आजच उरकून टाकू. हिराताई माझ्या कानाशी पुटपुटल्या, “याला तरी ठाऊक आहे का?” शेवटी मी हात वर केला. माझी मुलगी तिथे चिपच्या कंपनीत आहे, तिला बोलावून घेऊ का, एवढंच विचारलं. तो म्हणाला, “बाई, नौदलाचा माणूस म्हणून सांगतो, युद्ध होणार नाही. पण माझी मुलगी असती, तर मी बोलावून घेतलं असतं.” लोक हसले. मला हसू आलं नाही.

परतताना बसमध्ये खडकीच्या कारखान्यातले दिवस आठवत राहिले. काडतुसांच्या पेट्या तपासण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. आमचे साहेब म्हणायचे, हा माल गोदामात पडून जुना झाला तर आपण जिंकलो समजा. वर्षानुवर्षं पेट्या पडूनच होत्या, तेव्हा मला ते पटलं होतं. मग कारगिलचा उन्हाळा आला. तू सात वर्षांची होतीस. महिनाभर हिराताईंकडे जेवलीस, तिथेच झोपलीस, कारण मी दोन-दोन पाळ्या करत होते. भरलेली गोदामं डोळ्यांदेखत रिकामी झाली. साहेब, आता काय समजायचं, असं विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही. आजही मला ते उलगडलेलं नाही, आणि त्या अधिकाऱ्यालाही उलगडलं असेल असं वाटत नाही.

मागच्या रविवारी मी तुला सांगितलं, की डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन लगेच करायला सांगितलंय आणि सहा महिने कुणीतरी जवळ हवं. ते खोटं होतं गं. डॉक्टर फक्त वजन कमी करा आणि रोज चाला म्हणाले. युद्धाच्या भीतीने तू काही येणार नाहीस, हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून माझ्या दुखण्याचा धाक घातला. तू इतक्या पटकन सगळं सोडायला निघशील असं वाटलं नव्हतं. प्रज्ञेशलाही हे ठाऊक नाही. या पानांचा फोटो काढून पाठवताना वाचेलच, मग काय बोलायचं ते बोलेल. ये म्हणू की राहा म्हणू, मला अजून ठरवता येत नाही. दिवसातून चार वेळा मत बदलतं. पण सोमवारी राजीनामा देऊ नकोस. आणि द्यायचाच झाला, तर त्या जहाजांना भिऊन दे, माझ्या गुडघ्यांना भिऊन नको.

तुझीच, चुकलेली
आई