नव्वद दिवसांची सूट

सोमवार, ३
नवी नोकरी, नवं टेबल आणि खिडकीजवळची खुर्ची चक्क मला! शहराच्या रहिवासी-नोंदणीचं सॉफ्टवेअर आमचं ऑफिस सांभाळतं. कोण जन्मलं, कोण कुठे राहतं, कोण कोणाची आई, सगळं एका डेटाबेसमध्ये. इथे जो तो टोपणनावाने वावरतो. प्रमुखांना सगळे दादा म्हणतात. खरं नाव विचारलं तर हसून म्हणाले, दादा पुरे. खिडकीतून आमच्या चिमीच्या शाळेचं मैदान दिसतं. घरी सांगितल्यावर बाईसाहेब (वय वर्षे सहा) रोज मधल्या सुट्टीत हात हलवायला तयार झाल्या.

बुधवार, ५
काम कळलं. प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचं एक पॅकेज असतं. मागितलेली नोंद आणून देणारा हमाल म्हणा. आमचा हमाल अकरा वर्षांचा, म्हणजे या धंद्यात म्हातारा. तपासणी चालवली तर सात सुरक्षा-इशारे. सहा किरकोळ. सातवा मात्र ड्रायव्हर ज्या आणखी एका लहान पॅकेजवर विसंबून आहे, त्याचा: त्यातल्या भोकातून बाहेरचं कोणीही नोंदणीतली ओळ पुसू शकतं आणि मागमूसही राहत नाही. उपाय सोपा, दोन्ही अपडेट करा. आठवडाभराचं काम. मला स्फुरण चढलं.

शुक्रवार, ७
स्फुरण उतरलं. इथे अपडेट करत नाहीत, सूट घेतात. एक फाइल आहे. तिच्यात इशाऱ्यापुढे कर्मचाऱ्याचं नोंदणीतलं पूर्ण नाव लिहायचं: धोका माहीत आहे, जबाबदारी माझी. की तपासणी नव्वद दिवस गप्प. आधीची पाच नावं आहेत, त्यातलं एक खोडलेलं. एकदा वापरलेलं नाव फाइल पुन्हा घेत नाही. ही माणसं कुठे गेली, असं शेजारच्या टेस्टरला विचारलं. कुठली माणसं, म्हणाला. दादांनी गोड बोलून घोंगडं माझ्या गळ्यात टाकलं: सोमवारी नवी आवृत्ती द्यायचीय, अपडेट नंतर निवांत करू. पहिल्याच आठवड्यात नाही कसं म्हणणार? लिहिलं नाव. माझीच मला चीड आली.

बुधवार, १२
कार्डाने दार उघडलं नाही. वॉचमनने नाव विचारलं. काल याच माणसाने मला आपल्या सुनेच्या तक्रारी ऐकवल्या होत्या. वर आल्यावर नोंदणीत स्वतःला शोधलं. शून्य ओळी. नवरा आहे, एकटा पालक म्हणून. चिमी आहे, आईचा रकाना रिकामा. मग ती पाच नावं शोधली. चार वेळा शून्य. खोडलेल्या नावाची मात्र ओळ आहे, आणि फोटो टेस्टरचा.
दादांकडे धावले. परवापर्यंत अगं-तुगं करणारे दादा उठून उभे राहिले आणि म्हणाले, आपण कोणाकडे आलात?

गुरुवार, १३
अपडेट केलं! ड्रायव्हर नवा, खालचं पॅकेज नवं, सगळ्या चाचण्या पास, इशारे शून्य. पण ते चालू करायला नोंदणीतल्या कर्मचाऱ्याची संमती लागते, आणि मी कोणीच नाही. टेस्टरच्या हातापाया पडले. तो स्क्रीनकडेच बघत राहिला. कान मात्र लाल झाले होते.
आता नोंदणीही उघडत नाही. फक्त ती सूट घ्यायची फाइल उघडते. तिथे शेवटचं नाव माझं, म्हणून मी मालक!
मधल्या सुट्टीत चिमी मैदानात दिसली. मी हात हलवला. तिने वर पाहिलं, मग आजूबाजूला — हे कोणासाठी, म्हणून.

शुक्रवार, १४
नवऱ्याने दार उघडलं आणि पत्ता चुकलात का म्हणून विचारलं. अगदी नम्रपणे. नऊ वर्षांच्या संसारात इतका नम्र कधी नव्हता. त्याच्या मागून चिमी डोकावली — कपाळाला आठ्या घालून — तिला अजून थोडं आठवतंय — थोडंसंच —

सोमवार, १७
कळलं. फाइलमधल्या तारखांनुसार टेस्टरने आपलं नाव खोडून त्याच दिवशी दुसऱ्या कोणाचं तरी लिहिलं होतं. त्या भोकाला एक नाव लागतं, बस; दुसरं मिळालं की पहिलं परत मिळतं, नुसतं भोक बुजवून नाही. म्हणून तो वाचला.
मी लिहायला बसले आणि हसूच आलं. दादा. भाऊ. छोटू. पूर्ण नाव एकाचंही माहीत नाही. हरामखोर. उगाच नाही लपवत —

मंगळवार, १८
नवीन मुलगी आली. दादांनी तिला माझी खुर्ची दिली. मी त्या खुर्चीतच बसले होते, त्यांना दिसले नाही. तिला दिसले. हात पुढे करून तिने नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मला ताई म्हणाली. सहा दिवसांत कोणी माझ्याशी —
नाही. तिच्याशी असं नाही करायचं.

बुधवार, १९
सकाळी शाळेच्या फाटकाशी उभी होते. चिमीने मला मावशी म्हटलं. ‘मावशी, बाजूला व्हा ना.’ उद्या तेही —
माझं नाव खोडलंय. पुढे त्या नव्या मुलीचं, अर्धं — ती मागेच उभी आहे, ताई तुमचे डोळे का सुजलेत म्हणते, पाणी आणून दिलं — अख्ख्या मजल्यावर मला बघणारी ही एकटी — आडनाव नक्की कसं लिहितेस, मी तिलाच विचारलं, आणि ती वाकून, हसत, एकेक अक्षर सांग—