आईला ऐकू आलेला पियानो

बाबा,

तुम्ही वाजवायचात तो रॅगटाइम, ती जुनी अमेरिकन नाचरी चाल, मी घरच्या कॉम्प्युटरवर पुन्हा उभी केली, आणि तेव्हापासून मला या घरात भीती वाटते. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून तुम्हाला सांगते.

डिचोलीच्या खाण कंपनीचा तो क्लब आठवतो. तुम्ही तिथल्या ऑफिसात कारकून होता आणि सुट्टीच्या दिवशी आम्हा दोघींना धारगळहून बसने तिथे न्यायचात. आई बाहेर बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीवर, बसून ऐकायची. आत पियानोच्या पायांखाली वाळवीसाठी रॉकेलच्या वाट्या. कुणी परदेशी इंजिनिअर मागे टाकून गेला ते स्वरलिपीचे कागद तुम्ही उघडता. ती लिपी तुम्ही म्हापशाच्या चर्चमधल्या ऑर्गनवाल्या मास्तरांकडून शिकला होता. तुमचा डावा हात एका चालीने चालत राहतो आणि उजवा मधल्या फटींत उड्या मारतो. मी शेजारी बसून घाई करते, तेव्हा तुम्ही माझं मनगट धरता. "बाय, पळू नको. उजव्याला खेळू दे, पण डाव्याने चालच धरायची." तुमचा डावा हात मात्र खालचा सूर जरा उशिरा टेकवायचा. करंगळी एकदा बसच्या दारात चिरडली होती, ती तशीच वाकडी राहिली.

तुम्ही वारल्यावर आई एकटी पडली; नोकरी संपल्यावर मी तिच्यापाशी धारगळला येऊन राहिले. ती आता माणसं विसरते. मी तिला कधी लेक वाटते, कधी नर्स. दुपारी करायला काही नसायचं, म्हणून तुमचे ते कागद काढले आणि एकेक सूर कॉम्प्युटरच्या पडद्यावर मांडत गेले. पहिल्यांदा वाजलं ते शिवणयंत्रासारखं. सगळं बरोबर, पण कुणाचंच नाही. मग तुमची करंगळी आठवली. खालचा प्रत्येक सूर केसभर मागे सरकवला, काही सूर हलके केले, आणि पुन्हा लावलं. ते तुम्हीच होता.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "इले काय गो ते?"

"कोण, आई?"

"कोण म्हणजे? तुझे बाबा. वाजवतत मगे. थांब, चाय ठेवतंय."

मी घाबरून बंद केलं. ती दारात येऊन उभी राहिली, हातात रिकामं भांडं. "गेले? माका न सांगता गेले?" कित्येक महिन्यांत ती इतकं स्पष्ट बोलली नव्हती. तिचा चेहरा अगदी जागा झाला होता, आणि त्यानेच मी जास्त घाबरले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंघोळ करून बाहेर आले तर फाटक उघडं. बाबा, धारगळचा हमरस्ता तुमच्या वेळचा राहिलेला नाही. मी ओल्या केसांनी, गाऊनवरच धावले. तुमची बस थांबायची तिथे आता दुभाजक आहे. त्यावर आई उभी, आणि दोन्ही बाजूंनी ट्रक. मला हाक मारवेना; हाक ऐकून ती खाली उतरली असती तर? संध्याकाळचे पाव घेऊन निघालेल्या पोदेराने सायकल तशीच टाकली, हात आडवा करून गाड्या थांबवल्या आणि तिला दंडाला धरून या बाजूला आणलं.

"आजी, कोणाची वाट बघताहात?" त्याने विचारलं.

"आमच्या ह्यांची. डिचोलीची बस येवची आसा."

मी तिथेच रस्त्याकडेला बसले.

आता फाटकाला कुलूप असतं. ते संगीत मी बंद ठेवलं, तर तिने जेवण सोडलं. कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराला कान लावून बसून राहायची. डॉक्टर फोनवर म्हणाले, "ज्याने त्या शांत राहतील ते करा." लावलं की ती चार घास हसत खाते, आणि संपलं की उठून फाटक हलवायला लागते. परवा सळ्या धरून धरून तिचे तळवे सोलवटले. मी सोडवायला गेले तर तिने माझा हात पकडला. एवढी ताकद तिच्यात कुठून आली कुणास ठाऊक.

"कधी येतले? खरं सांग."

"रविवारी," मी म्हणाले. भीतीने तोंडातून निघून गेलं.

ती लगेच शांत झाली. हात धुतले, जेवली, झोपली.

आज शनिवार आहे. सकाळीच तिने केस विंचरून घेतलेत, तुमची खुर्ची पुसून अंगणात मांडली आहे. उद्या मी तिला काय सांगणार, मला माहीत नाही. संगीत लावू की पुसून टाकू, तेही कळत नाही. सकाळपासून बोट पुसायच्या बटणावर नेते आणि मागे घेते.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. मघाशी मासळीवाली दारात आली होती. "बांगडे किती जणांक?" तिने विचारलं, आणि मी म्हणाले, तिघांना.