आढळले नाही

कासारवाडी
मंगळवार, ९ जानेवारी १९७९

प्रिय हरिहर,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी आलं. आईला वाचून दाखवलं, तिने ते लगेच पुन्हा वाचायला लावलं आणि मग शेजारच्या मंजुळाबाईंना हाक मारून तिसऱ्यांदा. सव्वीस जानेवारीला तुमच्या खाणीच्या तलावाचं पाणी खालच्या गावाच्या गुरांच्या हौदात सोडणार, आणि चाक तू फिरवणार, मॅनेजरसाहेब नव्हेत! आई म्हणाली, बघा मंजुळाबाई, यालाच ह्यांचे बाबा आमचे दिवटे चिरंजीव म्हणायचे. मंजुळाबाई म्हणाल्या, पोरानं नाव काढलं हो. मीही हसले. पण रात्री ताटावर बसवेना, भात तसाच झाकून ठेवला.

खरं सांगू का, मी फार दमले आहे रे. लॅबमध्ये दिवसभर उभं राहून पायांचे खुंट होतात. चाकण रोडच्या नव्या कारखान्यांची कामं येताहेत, कुणाचं तेल, कुणाचं पोलाद, कुणाचं गटाराचं पाणी, आणि सगळ्यांना रिपोर्ट कालच हवा असतो. घरी आले की आईची औषधं. तक्रार करत नाही. तुला पुढचं सगळं एका दमात सांगता येईना, म्हणून आधी हे रडगाणं.

तू खाणीत लागलास तेव्हा सोनं कसं काढतात ते आईला समजावलं होतंस, आठवतं? दगड फोडून त्याची पूड करायची, ती सायनाइडच्या पाण्यात मुरवायची, सोनं त्या पाण्यात उतरतं आणि उरलेला राखाडी गाळ तलावात सोडून द्यायचा. आई घाबरून म्हणाली, अगं बाई, सायनाइड म्हणजे ते विषच ना? आणि तू ऐटीत सांगितलंस की सोनं काढायला शंभर माणसं आहेत, त्या विषाकडे बघायला कुणीच नाही, म्हणून ते काम मी मागून घेतलं. दोनदा नापास झालेला, तीन नोकऱ्या सोडलेला माझा भाऊ. मला त्या दिवशी किती बरं वाटलं होतं, ते तुला कधी बोलले नाही. आपल्या घरात कौतुक तोंडावर करायची पद्धतच नव्हती.

आणि केलंस हो तू. शहात्तर साली आईला घेऊन आले तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. वाऱ्याने गाळाची धूळ गावावर जाऊ नये म्हणून बांधावर लावलेलं घायपात आणि करंज. तलावाचं पाणी पंपाने परत दगड दळायच्या गिरणीत नेऊन पुन्हा वापरायचं, म्हणजे गावाच्या विहिरीवर ताण नको. चुन्याची पोती तू स्वतः मोजून ओतून घेत होतास. उन्हात आईला अर्धा मैल चालवलंस आणि एकेका करंजाची ओळख करून दिलीस. फक्त एक गोष्ट मला तेव्हा खटकली. एवढं मोठं पाणी आणि काठावर एक बगळासुद्धा नाही. मी विचारलं, तू म्हणालास चुन्याच्या वासाने येत नसतील. मी केमिस्ट बाई, चुन्याला वास नसतो हे मला ठाऊक. पण तू इतका खुशीत होतास की मी गप्प बसले.

आता मुद्द्यावर येते. पंचाहत्तर साली तलावाच्या पाण्याच्या बाटल्या तू माझ्याकडे तपासायला पाठवायला लागलास. ताईसारखं चोख काम कुणी करणार नाही म्हणून. पहिल्या तीन खेपांना बाटलीत कॉस्टिक सोडा घालून पाठवत होतास, कारण पुस्तकात तसं आहे. तिन्ही वेळा सायनाइड निघालं आणि तू चुना वाढवलास. चौथ्या खेपेला बाटली वाटेत फुटली. पार्सल ऑफिसातून ती पेटी आणताना आमच्या लॅबच्या शिपायाची, मारुतरावांची, दोन बोटं भाजली. बाई, ह्यो इस्तव पुन्यांदा आमच्या हाती देऊ नगा, असं ते कळवळून म्हणाले. पार्सलबाबूने भांडण काढलं ते वेगळंच. त्याच आठवड्यात आई विषमज्वराने आजारी, मी रात्री तिच्या उशाशी आणि दिवसा लॅबमध्ये. डोकं ठिकाणावर नव्हतं. मी तुला कार्ड टाकलं, यापुढे कॉस्टिक नको, साध्या बाटलीत पाठव, चालतं.

चालत नाही, हरिहर. कॉस्टिक नसेल तर पाण्यातलं सायनाइड हळूहळू हवेत उडून जातं. तुमच्या उन्हातून, तीन दिवसांचा प्रवास करून, बुचाच्या बाटल्यांतून माझ्यापर्यंत काय पोचणार? नुसतं पाणी. आणि त्या पाण्याच्या रिपोर्टवर मी साडेतीन वर्षं, दर दोन महिन्यांनी, माझ्या सहीने लिहीत आले: आढळले नाही.

पहिल्यांदा तसं लिहिलं तेव्हा तुझं चार पानी पत्र आलं होतं. चुना लागू पडला, ताई, लागू पडला! मी ते डब्यात घालून लॅबमध्ये नेलं आणि जेवताना पुन्हा वाचलं. कॉस्टिक बंद केलं आणि त्याच खेपेपासून सायनाइड नाहीसं झालं, हे कुणाही कॉलेजच्या पोरीला खटकलं असतं. मला नाही खटकलं. मला ते खरं हवं होतं रे. बाबा जाऊन वर्ष झालं होतं, आणि मला कुणाला तरी दाखवायचं होतं की तू वाया गेला नव्हतास.

हे माझ्या डोक्यात शिरलं दिवाळीनंतर. धातूला मुलामा देणाऱ्या इथल्या एका छोट्या प्लेटिंगवाल्याच्या गटाराच्या पाण्याची साधी बाटली सुट्टीच्या आधी मी तपासली होती, चांगलं कडक सायनाइड होतं. सुट्टीनंतर नोंद पक्की करायला तीच बाटली खिडकीतून उचलली, आणि काही नाही. मला वाटलं माझंच चुकलं. तीनदा केलं. मग स्टुलावर बसले ती संध्याकाळी मारुतराव कुलूप घेऊन आले तरी तशीच. त्यांनी पाणी आणून दिलं, ताप आलाय का विचारलं.

तरीही मी तुला लिहिलं नाही. लाज वाटते सांगायला, पण सांगते. डिसेंबरात तुला थाप मारली की नवा नियम आलाय, एक बाटली साधी आणि एक कॉस्टिकची पाठव. मनात होतं, निघालं तर पुढच्या खेपेपासून हळूहळू आकडा दाखवू, चुना कमी पडला म्हणू, कुणाला कळायचं नाही. गेल्या शनिवारी दोन्ही बाटल्या तपासल्या. साधीत काही नाही. कॉस्टिकच्या बाटलीत लिटरला दोन मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे बाहेर सोडायला परवानगी आहे त्याच्या दहापटीहून जास्त. रविवारभर मी कपडे धुतले, डबे घासले. आणि सोमवारी तुझं पत्र आलं, हौदाचं.

गेल्या पावसाळ्यात तू लिहिलं होतंस, बांधाखालच्या ओढ्यापाशी एका धनगराच्या दोन शेळ्या मेल्या, साप चावला असेल. मी उत्तरात पावसाचं आणि छत्रीचं लिहिलं. रात्री झोप लागत नाही ती त्या ओळीपायी. त्या माणसाला तू ओळखतोस. मला त्याचं नावही माहीत नाही.

आज सकाळी सदाशिवरावांना सगळं सांगितलं. लॅब त्यांची, नाव त्यांचं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, वासंतीबाई, तपासणीची पद्धत सुधारली असं लिहा, मागचं कशाला उकरता, अकरा माणसांची पोटं आहेत इथे. वाईट माणूस नाही रे तो. खोटं सांगत नाही, ती अकरा पोटं मीही रोज बघते. मी म्हटलं, मग तुमच्या लेटरहेडवर नको, साध्या कागदावर माझ्या एकटीच्या नावाने लिहिते. त्यावर ते म्हणाले, मग महिनाअखेर आपण बसून बोलू. त्याचा अर्थ मला कळतो. आईला अजून काही बोललेले नाही.

तू आता काय करशील तेही मला ठाऊक आहे. आधी माझ्यावर चिडशील, चिडायलाच हवं. मग म्हणशील, ताईचं नाव यात नको, मीच काहीतरी सांगून पाणी थांबवतो, पंप बिघडला म्हणतो. तसं करू नकोस. पंप दुरुस्त होतो आणि पाणी सुटतं. लहानपणी दुधाची कढई मी उपडी केली आणि मार तू खाल्लास, ते तेव्हा गोड वाटलं होतं. आता गुरं पिणार आहेत, हौद भरला की पोरं त्यात डुंबणार आहेत. तुझी झाडं खरी आहेत, धूळ थांबली ती खरी आहे, ते कुणी तुझ्यापासून काढून घेऊ शकत नाही. पण पाणी अजून शुद्ध झालेलं नाही. ते पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, आणि मला खरंच वाईट वाटतं, हरिहर, फार वाईट वाटतं.

मॅनेजरसाहेबांना मी पत्र लिहून ठेवलं आहे. साडेतीन वर्षांचे सगळे रिपोर्ट रद्द समजावेत, बाटलीत कॉस्टिक घालू नका असं कळवणारी मी, खाणीतल्या तुम्हा कुणालाच यातलं काही माहीत नव्हतं, हौदात पाणी सोडू नये. नक्कल सोबत जोडली आहे. ते रजिस्टर पोस्टाने मी आजच टाकू शकले असते. पाकीट हातात घेऊन पोस्टाच्या दारापर्यंत गेलेही, आणि परत आले. ते उद्या टाकीन, तुझं हे आज टाकते. त्यांचं पत्र आधी पोचलं असतं तर साहेबांनी तुला केबिनमध्ये बोलावून ते वाचायला दिलं असतं, आणि तू हातात कागद धरून त्यांच्यासमोर उभा राहिला असतास. तसा तू बाबांच्यासमोर खूपदा उभा राहिलेला मी पाहिला आहे. शुक्रवारी हे तुला मिळेल. वाच, रागव, रडायचं तर रड, आणि त्याच दिवशी आपल्या पायांनी साहेबांकडे जाऊन सांग की पाणी सोडायचं नाही. माझं रजिस्टर शनिवारी येईल. तोवर ही गोष्ट त्यांना तुझ्या तोंडून कळलेली असू दे. एवढा एक दिवस तुला देता आला, त्यासाठी हे पत्र.

तुझीच,
ताई