शेवंतीच्या परसातली अळंबी

कोलशेत, भाद्रपद, शके १८०७

प्रिय परशुराम,

शेवंती जिवंत आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील. तुझ्या बहिणीचा डावा हात मोडलाय, कपाळ फुटलंय. पण काल तिनं तोंडानं पेज मागितली.

तिच्या परसात आंब्याच्या कुजक्या खोडाशी अळंबीचा घोस उगवला होता. राखी रंग, घंटेसारखी टोपी. तिनं कालवण केलं. ती जेवली, सासू गंगुबाई जेवली, नवरा काळुराम जेवला आणि वर ताडी प्यायला. थोड्याच वेळात त्याचं तोंड लालभडक झालं, मानेच्या शिरा ताठल्या, ओकारी थांबेना. ‘हिनं मना विख घातलं’ म्हणत त्यानं तिला केसांना धरून अंगणभर फरफटवलं, फावड्याच्या दांड्यानं झोडपलं. आम्ही शेजारी धावलो तेव्हा तो दमला होता, एवढंच.

टोपलीत उरलेली अळंबी मी पाहिली. टोप्या कडेनं वितळून त्यांचं काळं पाणी झालं होतं, बोरू बुडवावा असं. माझा आजा सांगायचा, शाईसारखी गळणारी अळंबी खाल्ली तर पुढं काही दिवस ताडीला शिवू नये. काळुरामला हे समजावलं. मला खोटं पाडायला दुसऱ्या दिवशी तो पुन्हा प्यायला. पुन्हा तोंड पेटलं. तरी तो कोयता घेऊन अंथरुणातल्या शेवंतीवर धावला. गंगुबाई भात कांडत होती. तिनं मुसळ उचललं आणि पोटच्या लेकाच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला कुंपणापलीकडे आला. मी पोचलो तेव्हा ती त्याला सांगत होती, “त्याच टोपातला मी पन खाल्लाय. मना का नाय झाला? तुझ्या बापानं मना असाच मारला. तवा मी गप रायले.”

होडीवाल्या धाकूकडून तुझा निरोप आला, की माणसं घेऊन येतोस, काळुरामला जिता ठेवत नाहीस. म्हणून ही लेखणी धरली. कोयते कल्याणातच ठेव. तू फासावर गेलास तर शेवंतीला माहेर उरणार नाही. भरतीला होडी घेऊन ये, आणि जरा मोठी आण. गंगुबाईही निघणार आहे. लेक तिला घरात घेत नाही. तिचं बोचकं माझ्या ओटीवर पडलंय. तिला कुणाची कोण म्हणून विचारू नकोस, हात धरून होडीत बसव.

तुझाच बाळमित्र,
गोपीनाथ