मुखपृष्ठावरचा शब्द तसाच राहावा

मी, इफ्फत युनूस बागवान, वय बाहत्तर, राहणार जळोची, बारामती, कोर्टातली निवृत्त टंकलेखिका व रहस्यकथांची लेखिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, त्यांचा इथे संबंध नाही.

१. घर व बँकेतली ठेव माझी मुलं सोहेल व समिना यांना शरियतच्या हिश्शांप्रमाणे मिळेल. त्यात मी हात घालत नाही. बाकीचं, मृत्युपत्राने मर्जीप्रमाणे देता येतं त्या एक तृतीयांशात बसतं, त्याचीच व्यवस्था पुढे आहे.

२. माझ्याकडची सगळी पुस्तकं इंदापूरच्या वाचनालयाला द्यावीत. रहस्यकथा मागच्या भिंतीच्या कपाटात कोंबू नयेत, एवढी विनंती.

३. माझ्या कादंबऱ्यांचे हक्क समिनाची मुलगी रेश्मा हिला. अट एकच: मुखपृष्ठावरचा 'रहस्यकथा' हा शब्द काढायचा नाही. सोहेलला तो खटकतो, म्हणून कारण लिहिते.

माझी 'चप्पल विहिरीबाहेर' ही कादंबरी छापून आली तेव्हा डाळजच्या ठमाबाई ती सुनेकडून वाचून घेऊन माझ्या दारात आल्या. त्यांची लेक सारजा सासरच्या विहिरीत सापडली होती.

"माझ्या सारजाची गोष्ट तुमाला कुणी सांगितली?"

"कुणीच न्हाय, मावशी. बनवलेली हाय."

"मग तुमाला कसं ठावं, की कुणी काय इचारलंच न्हाय?"

मी चहा ठेवायला उठले. त्या चहाही न घेता गेल्या.

त्याच वर्षी पुस्तक साहित्य मंडळाच्या पुरस्कारासाठी गेलं. परीक्षकांत कौसल्या होती, इंदापूरची कवयित्री, कॉलेजपासूनची माझी मैत्रीण. निकालाआधी ती स्वतः घरी आली.

"पुस्तक चांगलं हाय, इफ्फत. पण माणूस पानं उलटतं ते खून कुणी केला ते बघायला. ह्याला साहित्य म्हणवत न्हाय मला. मी विरोधात मत दिलंय."

नंतर मंडळाचे ऋषिराज यांचा फोन आला. पुढच्या आवृत्तीवर 'सामाजिक कादंबरी' छापा, मग बघू, म्हणाले. माझे यजमान युनूसही म्हणाले, "छाप की. आतलं तेच राहणार हाय."

मोह मलाही झाला. पण माझ्या कादंबरीत एका बाईचा खून झाला होता आणि त्याला खून म्हणायला गावात कोणी तयार नव्हतं. मुखपृष्ठानंही म्हणू नये?

शब्द राहिला. पुरस्कार मिळाला नाही. कौसल्याशी मी बोलणं टाकलं. युनूस गेले तेव्हा ती आली, तर मी उठून आत गेले.

४. मंडळाला आता माझ्या नावाने पुरस्कार सुरू करायचा आहे. करावा, पण तो रहस्यकथेलाच द्यावा. भाषणात 'बाईंनी गंभीर लेखनही केलं असतं' असं कोणी म्हणू नये.

५. कौसल्याला मी काहीही ठेवत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असं वकिलांनी सांगितलं, आणि मला साक्षीला तीच हवी होती. माझ्याविरुद्धचं मत माझ्या उंबऱ्याच्या आत येऊन सांगणारी ती एकटीच निघाली. मी फोन केला, ती बसने आली. वरचं सगळं तिने चष्मा पुसत वाचलं.

"माझं मत अजून तेच हाय, इफ्फत."

"असू दे. सही कर."

लिहून देणार: इफ्फत युनूस बागवान

साक्षीदार:
१. कौसल्या दत्तात्रय गलांडे, इंदापूर
२. डॉ. संभाजी रामचंद्र देवकाते, जळोची

बारामती, १४ नोव्हेंबर २०२४