आधी नाव कुणाचं

पिंपरी, कारखान्याची कॉलनी
दि. १६ जानेवारी १९७८

ती. दादांस व आईस,
कस्तुराचा सप्रेम जयभीम वि. वि.

आईच्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून जीव भांड्यात पडला. चाकणचे कांदे पोचले. निम्मे शेजारणींनीच पळवले, आता त्या मला विचारतात, पुढचं पोतं कधी?

एक मनातलं लिहिते. आमच्या प्रयोगशाळेत मुख्य शास्त्रज्ञाची जागा निघाली आहे. चौदा वर्षं बुरश्यांशी झटल्यावर ती आपल्याला मिळावी असं फार वाटतं. पण निवड समितीनं यंदा नवीच कसोटी काढली. जगातल्या किती शास्त्रज्ञांनी तुमच्या शोधनिबंधांचा आधार घेतला, ते मोजून आणा म्हणे. पुण्याच्या ग्रंथालयात अमेरिकेहून येणारी जाडजूड सूची असते, तीत हे सापडतं. शनिवारी गेले. माझ्या नावाखाली दोन निघाले. फक्त दोन, दादा!

ग्रंथपालांनी कारण सांगितलं. ती सूची निबंधावरचं पहिलंच नाव धरते, आणि माझ्या नऊपैकी आठ निबंधांवर पहिलं नाव नानासाहेबांचं आहे. ते माझे वरिष्ठ, त्यांनीच मला शिकवलं. लग्नपत्रिकेतसुद्धा वडीलधाऱ्यांची नावं आधी घालतात, मग इथे माझं आधी कसं घालायचं? त्यांच्या नावाखाली एकसष्ट भरले. आईनं कांद्याच्या वाफ्यातून पदरात बांधून आणलेल्या मातीतली बुरशी त्या निबंधांतून जपानपर्यंत पोचली, आणि मी मात्र दोनावर. मुलाखत वीस फेब्रुवारीला आहे.

माझ्या वाटची माया पातळ होऊ देऊ नका.
आपली, कस्तुरा

---

चाकण
दि. २१ जानेवारी १९७८

चि. कस्तुरा हिस,
दादांचे अ. उ. आ.

पत्र वाचून राग आला, आणि तो तुझाच आला. त्याच कारखान्यात मी बावीस वर्षं बाटल्या धुतल्या. बाटली धुणाऱ्याचं नाव लेबलवर येत नसतं, ते मला ठाऊक होतं, म्हणून कधी वाईट वाटलं नाही. पण तुझे छापील निबंध मी विहारात दाखवतो, तेव्हा माणसं विचारतात, पोरीचं नाव कुठाय? मग मी बोट खाली सरकवतो. दर वेळी वाईट वाटतं. आजवर लिहिलं नव्हतं, आज लिहितो.

तुला पहिल्या बाकावर बसवण्यासाठी मी मास्तरांशी भांडलो होतो. तिथून तू आपणहून उठून मागे जाऊन बसलीस होय? नानासाहेब आता तळेगावात राहतात. जाऊन त्यांच्याकडून खरं काय ते लिहून माग. आई म्हणते, रागात लिहू नका, पोरगी जेवायची नाही. तरी लिहिलंच. जेवत जा.

तुझे दादा, कोंडीराम

---

पिंपरी
दि. २५ जानेवारी १९७८

ती. दादांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

ज्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला शिकवलं, त्यांच्याकडे कोणत्या तोंडानं नाव मागू? मला ते जमायचं नाही. आणि तुम्हीही तळेगावला जाऊ नका. का, ते विचारू नका. एवढं ऐका.

काळजी नसावी, दोन्ही वेळा जेवते.
आपली, कस्तुरा

---

चाकण
दि. २ फेब्रुवारी १९७८

चि. कस्तुरा हिस अ. उ. आ.

जाऊ नका म्हणालीस, म्हणून मुद्दाम गेलो. सकाळच्या एसटीनं तळेगाव गाठलं. नानासाहेबांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसले. मग ट्रंक उघडून तुझ्या निबंधांचे हाती लिहिलेले कच्चे मसुदे माझ्यापुढे टाकले. आठही मसुद्यांवर त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं बाण काढून तुझं नाव वर नेलेलं! म्हणाले की ही पोरगी टाइपिस्टकडे जाऊन गुपचूप उलटं करून यायची. आपण दोनदा रागावलो, तरी हिचं आपलं तेच.

म्हणजे चोर घरातच होता. म्हणून तळेगावला जाऊ नका काय? मसुदे सोबत रजिस्टरनं पाठवतो. सगळं काम तुझं, आपण फक्त वाचून सुधारलं, असं ते समितीला लिहिणार आहेत. मी न मागता म्हणाले. माणूस चांगला आहे. आता मला तुझा राग नाही, पण भेटलीस की कान धरणार.

तुझे दादा

---

पिंपरी
दि. १२ मार्च १९७८

ती. दादांस व आईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

जागा मिळाली! काल हुकूम हातात पडला. आधी रडले, मग तुम्हाला लिहायला बसले.

मुलाखतीत मसुदे पुढे ठेवले. बाण बघून साहेब लोक एकमेकांकडे बघू लागले. मग त्यांनी विचारलं की संशोधनात सहकारी कोण कोण. मी आधी आईचं नाव घेतलं, मग नानासाहेबांचं. एक साहेब चतुराबाई असं लिहून घेऊन, कोणत्या विद्यापीठाच्या म्हणून विचारते झाले. चाकणच्या कांद्याच्या वाफ्यातल्या, असं मी सांगितलं.

दुसरी गंमत ऐका. माझ्या हाताखालच्या विमलनं वर्षभर राबून एक निबंध पुरा केला. मसुदा आणला तर वर माझं नाव, खाली तिचं. मी तांबडी पेन्सिल घेतली आणि बाण काढला. ती मान हलवून निघाली. पण ही वाट माझ्या पायाखालची आहे, दादा! मी तिच्या मागोमाग टाइपिस्टकडे गेले आणि पान यंत्रातून बाहेर येईपर्यंत स्टूल घेऊन तिथेच बसले.

रविवारी येते. कान तयार ठेवले आहेत.
आपली, कस्तुरा

---

चाकण
दि. १६ मार्च १९७८

चि. कस्तुरा हिस अ. उ. आ.

तुझं पत्र विहारात मोठ्यानं वाचलं. आता बोट खाली सरकवायची पाळी नाही. घरी आई म्हणाली की माती माझी, पोरगी माझी, आणि इतकी वर्षं पत्राखाली नाव मात्र यांचंच. ती शेजारीच बसून बघते आहे, तेव्हा मला नावं उलटी करायची सोय नाही. रविवारी वाट पाहतो.

तुझी आई चतुराबाई,
व दादा